पंचनामा कारणाचाही हवा

पावसाळ्यात गावात शिरणारे पाणी दोन वाटांनी येते. एक वाट नदीची. ते पाणी दूर कुठेतरी पडलेल्या पावसाचे असते, धरणाच्या विसर्गाबरोबर वाढते, काही तास आधी त्याची वर्दी मिळते आणि काठालगतची घरे आधी त्याच्या तडाख्यात सापडतात. दुसरी वाट गावाच्या स्वतःच्या शिवाराची. माळावर, उतारावरच्या शेतांत, पाणंदीवर आणि रस्त्यांवर पडलेला पाऊस जमिनीत मुरायच्या आत धावू लागतो, ओढ्यापर्यंत पोचायच्या आत अडतो, वळतो आणि अर्ध्या-पाऊण तासात सखल आळीत उतरतो. नदी आपल्या पात्रात असताना घरात गुडघाभर पाणी भरते ते या दुसऱ्या वाटेने. या पाण्यासाठी कुठेही इशारापातळीची खूण रंगवलेली नसते आणि सायरन वाजत नाही. मात्र त्याचा पाणलोट बहुतेक वेळा शे-दोनशे हेक्टरांचा असतो. त्यामुळे त्याची कारणे गावच्या शिवेच्या आत सापडतात आणि इलाजही बराचसा तिथेच करता येतो.

असे असताना दर वर्षी तीच तीन विधाने ऐकू येतात. ढगफुटी झाली, तिच्यापुढे कोणाचे काय चालणार. ओढ्याचे खोलीकरण-रुंदीकरण केले की प्रश्न मिटेल. पंचनामे झाले, मदत जमा झाली, आता पुढच्या कामाला लागावे. तिन्ही विधानांत सत्याचा अंश आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. पण तिन्ही मिळून एकच गोष्ट करतात: पाणी कशामुळे शिरले हा प्रश्न विचारूच देत नाहीत. तो प्रश्न न विचारता केलेला खर्च बहुतांशी वाया जातो आणि पुढच्या पावसात तीच घरे पुन्हा भिजतात.

ढगफुटीचा दावा मोजून तपासता येतो. भारतीय हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे सुमारे 20 ते 30 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात तासाला 100 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तर ती ढगफुटी. महाराष्ट्रात नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टी धरली जाते ती महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यावर. या दोन आकड्यांमध्ये फार मोठे अंतर आहे. दिवसभर रिपरिप पडलेला 65 मिलिमीटर पाऊस गावाला फारसा त्रास देत नाही. तेवढाच पाऊस एका तासात कोसळला तर तो घरात शिरतो, आणि तरीही ती ढगफुटी ठरत नाही. महावेध प्रकल्पामुळे आता मंडळ पातळीवर स्वयंचलित केंद्रांच्या नोंदी मिळतात. पाणी शिरल्यावर पहिले काम म्हणजे त्या दिवसाच्या तासातासाच्या पावसाचा आकडा काढणे. तो न काढता ढगफुटी जाहीर करणे म्हणजे तपास सुरू होण्याआधीच बंद करणे होय.

खरोखरच असाधारण पाऊस झाला असला तरी आकाशावर सगळे ढकलता येत नाही. एकाच पावसात एक वाडी कोरडी राहते आणि शेजारच्या वाडीत पाणी भरते. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडलेला असतो. फरक असतो जमिनीत आणि जमिनीवर माणसाने काय केले त्यात.

भेगाळलेली काळी जमीन जूनमध्ये पहिले पाऊस गटागटा पिते. तीच जमीन फुगून भेगा मिटल्या की सप्टेंबरमध्ये जवळजवळ काहीच आत घेत नाही, आणि परतीचा पाऊस वरच्यावर वाहून जातो. मुरमाड माळावर गवत असेल तर पाणी अडखळत येते. गवत गेले, माळ उघडा पडला की ते सुसाट सुटते. उताराला आडवी नांगरट आणि पेरणी पाणी धरते. ट्रॅक्टरला लांब तास सोयीचे पडते म्हणून उताराच्या दिशेने नांगरले की प्रत्येक सरी लहानसा पाट बनते. दोन वाफे जास्त मिळावेत म्हणून बांध कोरत कोरत नाहीसा केला जातो. ओघळ बुजवून शेत सपाट केले जाते आणि ओघळीतून जाणारे पाणी शेजाऱ्याच्या पिकातून, तिथून पाणंदीत आणि पाणंदीतून थेट गावात येते. यांतली एकेक गोष्ट क्षुल्लक वाटते, पण शंभर हेक्टरांत ती शंभरदा घडलेली असते.

गावाजवळ आल्यावर रस्ता हे सर्वांत मोठे कारण ठरते. डांबरीकरणाचा जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकला जातो, पुढे त्यावर काँक्रीट येते, आणि काही वर्षांत रस्ता घरांच्या उंबऱ्यापेक्षा उंच होतो. पूर्वी अंगणातले पाणी रस्त्यावर उतरत असे. आता रस्त्यावरचे पाणी अंगणात उतरते. पाणंद रस्त्यावर मुरूम टाकून तो उंच केला आणि मोऱ्या टाकल्या नाहीत तर तो शिवारात आडवा घातलेला बंधाराच होतो. पाणी त्याच्या कडेने सरकत राहते आणि पहिल्या सखल जागी, म्हणजे अनेकदा गावठाणाच्या तोंडाशी, फुटून बाहेर पडते.

हे सारे आकड्यांत मांडता येते, आणि त्यासाठी शाळेतले गणित पुरते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. गावाच्या वर 100 हेक्टर शिवार आहे, तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला निम्मा वाहिला असे धरले तर 25,000 घनमीटर पाणी गावाकडे येते. म्हणजे सेकंदाला सुमारे 7 घनमीटर. गावाच्या रस्त्याखाली 900 मिलिमीटर व्यासाचे दोन सिमेंटचे पाइप असतील तर ते पूर्ण भरून वाहताना सेकंदाला जेमतेम 3 घनमीटर पाणी पुढे सोडतात. प्लास्टिक, पऱ्हाट्या आणि गाळ यांनी ते अर्धे तुंबलेले असतील तर दीड. उरलेले पाणी रस्त्यावर चढते आणि घरांत जाते. हिशेबातला 50 मिलिमीटरचा आकडा ढगफुटीच्या निम्मा आहे. त्या गावात पूर यायला ढग फुटावा लागत नाही.

दुसरे विधान खोलीकरणाचे. यंत्र येते, दोन दिवसांत ओढा खणून काढते, काम डोळ्यांना दिसते आणि बिल निघते. म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. पण वरच्या गणितात खोल केलेला ओढा कुठे बसतो ते पाहावे. खणलेला खड्डा सुरुवातीच्या पावसातच भरून जातो. पुराचा लोंढा येतो तेव्हा खड्डा आधीच काठोकाठ असतो. पात्र रुंद, सरळ आणि झाडोऱ्यापासून मोकळे केल्याने वरचे पाणी जास्त वेगाने खाली येते. जे पाणी तासाभरात आले असते ते अर्ध्या तासात येते, आणि मोरीची क्षमता मात्र होती तेवढीच राहते. म्हणजे मोरीवरचा लोंढा कमी होण्याऐवजी वाढतो. मोरीही मोठी केली तर लोंढा खालच्या वाडीत जातो. एका गावाचा पूर दुसऱ्या गावाला देण्याला पूरनियंत्रण म्हणता येत नाही.

खोलीकरणाची आणखी एक खोड कागदावर कधीच दिसत नाही. यंत्राने काढलेला गाळ आणि मुरूम बहुतेक ठिकाणी दोन्ही काठांवरच रचून ठेवला जातो. पुरुषभर उंचीचा हा ढीग ओढ्याच्या लांबीभर पसरतो आणि शेतातून ओढ्यात उतरणाऱ्या पाण्याची वाट बंद करतो. मग ओढा अर्धा रिकामा असतो आणि त्याच्या काठाला लागून, ढिगाच्या पलीकडे, शेतात आणि वस्तीत पाणी साचलेले असते. दोन-तीन पावसांत काळ्या मातीचे उभे काठ ढासळतात, ढीग परत पात्रात येतो आणि पुन्हा खोलीकरणाची मागणी होते.

ओढा कधीच साफ करू नये, असा याचा अर्थ नाही. मोरीच्या तोंडाशी अडकलेला कचरा, पात्रात घातलेला भराव, पात्रातच उभी राहिलेली भिंत हे अडथळे काढलेच पाहिजेत, तेही मे महिना संपायच्या आत. पण अडथळा काढणे वेगळे आणि संपूर्ण ओढ्याचा कालवा करणे वेगळे. पहिल्याने पाण्याची मूळ वाट मोकळी होते, दुसऱ्याने लोंढ्याला वेग मिळतो.

तिसरे विधान पंचनाम्याचे, आणि ते सर्वांत घातक आहे. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचा संयुक्त पंचनामा पिकाचे क्षेत्र, पडझड झालेली घरे, दगावलेली जनावरे आणि खरडून गेलेली जमीन यांची नोंद करतो. भरपाईसाठी ती नोंद आवश्यक आहे आणि तिच्यामागे यंत्रणेचे कष्टही आहेत. मात्र पाणी कुठून आले, कुठे अडले, ती मोरी कोणाच्या अखत्यारीत होती, तिची शेवटची सफाई कधी झाली, या प्रश्नांसाठी त्यात रकाना नाही. नुकसान मोजले जाते आणि कारण सोडून दिले जाते. सरकार त्याच घरांना पुन्हा पुन्हा मदत देत राहते, आणि त्या घरांतली माणसे दर पावसाळ्यात धान्याच्या कोठ्या, दप्तरे आणि गाद्या माळ्यावर चढवत राहतात.

कारणाची चौकशी हे सरकारी कर्तव्य होऊ शकते, याला दाखला आहे. 2007 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये सुमारे 55,000 घरे आणि इमारतींत पाणी शिरले. त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश ठिकाणी ते नदीचे नव्हते. जमिनीवरून वाहणाऱ्या आणि गटारांतून उफाळणाऱ्या पावसाचे होते. या पुरांबद्दल सर मायकेल पिट यांनी 2008 मध्ये दिलेल्या अहवालात दिसले, की या पाण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरलेलेच नव्हते. त्यानंतर 2010 चा पूर व जलव्यवस्थापन कायदा झाला. त्याच्या 19 व्या कलमानुसार पूर आल्यावर स्थानिक प्राधिकरणाने, आवश्यक वाटेल तितक्या प्रमाणात, कोणत्या यंत्रणेकडे काय काम होते आणि तिने ते केले का किंवा करणार आहे का, याची चौकशी करून निष्कर्ष प्रसिद्ध करायचे असतात. हे कलम दुरुस्तीची सक्ती करत नाही, ही त्याची मर्यादा आहे. तरीही जबाबदारी नावानिशी छापली गेली की ती टाळणे अवघड होते.

महाराष्ट्रातल्या गावाला अशा चौकशीसाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामसभा ती करू शकते, आणि ती करण्याची रीत सोपी आहे.

पाणी ओसरल्यावर दोन-तीन दिवसांत भिंतींवरच्या पाण्याच्या रेघा खडूने किंवा रंगाने पक्क्या कराव्यात आणि उंबऱ्यापासूनची त्यांची उंची मोजावी. एकदा भिंती धुतल्या-सारवल्या की हा पुरावा जातो. त्या वेळी घरात कोण होते, पाणी पुढच्या दाराने आले की मागच्या परसातून, आधी कोणत्या घरात आले, किती वाजता आले, किती वेळ थांबले हे विचारावे. दुपारच्या पावसात घरी असलेल्या बायका आणि म्हातारी माणसे हे सर्वांत नेमके सांगतात. मोबाइलवरच्या चित्रफितींत वेळेची नोंद असते. त्या गोळा करून वेळेनुसार लावल्या की लोंढ्याचा मार्ग स्पष्ट होतो. त्यानंतर माथ्यापासून पायथ्यापर्यंत शिवार चालून काढावे, शक्यतो पुढचा पाऊस चालू असताना. आडवी झोपलेली पिके, कुंपणात अडकलेला काडीकचरा, खरडलेली माती आणि बांधाला पडलेली खांडे पाण्याची दिशा दाखवतात.

पुढचे काम कागदाचे. भूमी अभिलेख कार्यालयातून मिळणाऱ्या गाव नकाशावर ओढे-नाले दाखवलेले असतात. तो नकाशा आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवला की कोणता नाला कुठे बुजला, कुठे वळवला, कोणत्या गटात त्यावर बांधकाम झाले हे दिसते. प्रत्येक मोरीचा व्यास मोजावा, तिच्या वरचे शिवार मोजावे आणि वर दिलेले गणित करावे. शेवटी अडथळ्यांची यादी करून प्रत्येकासमोर जबाबदार कोण ते लिहावे: ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग, सार्वजनिक बांधकाम विभाग, महसूल खाते किंवा खासगी गटधारक. ही यादी ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात घ्यावी. यंत्रणांना धाडलेल्या मोघम निवेदनापेक्षा मापांसह दिलेली ही यादी फार जड असते.

खासगी जमिनीत कोणाला काही सांगता येत नाही, असा आक्षेप इथे हमखास येतो. तो कायद्याला धरून नाही. वरच्या जमिनीवर नैसर्गिकरीत्या पडलेले पाणी खालच्या जमिनीवर सहज वाहू देण्याचा वरच्या मालकाचा हक्क 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या 7 व्या कलमाच्या उदाहरणांत सांगितलेला आहे. 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या 5 व्या कलमाने त्याहून थेट अधिकार दिला आहे: शेतजमिनीवर पडणाऱ्या पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहात कोणी बेकायदा अडथळा उभा केला आणि त्याने शेतीचे किंवा पिकांचे नुकसान होत असेल, तर तहसीलदार तो काढून टाकण्याचा आदेश देऊ शकतात. मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांत दावा दाखल व्हावा लागतो. हा मार्ग शेतजमिनीपुरता आहे, घरांसाठी नाही. पण बुजवलेल्या नाल्याचे पाणी घरात येण्याआधी कोणाच्या तरी पिकातून येतच असते. सहा महिने निघून जातात ते कारण कोणी नोंदवलेले नसते म्हणून.

कारण सापडले की उपायांचा क्रम आपोआप ठरतो. वरच्या उदाहरणात येणारे पाणी 25,000 घनमीटर आणि मोरीतून तासाभरात जाणारे सुमारे 11,000. म्हणजे 14,000 घनमीटर पाणी गावाच्या वर काही तास थांबवायचे आहे. 100 हेक्टरांवर वाटले तर हे 14 मिलिमीटर पाणी झाले. धडकी भरावी असा हा आकडा नाही. माळावर सलग समतल चर, हलक्या व मध्यम जमिनीत समतल बांध, ओघळींत दगडी अनगड बांध, ओढ्याच्या काठाने गवताचे पट्टे आणि शेताच्या खालच्या कोपऱ्यात मातीचा बुटका बांध घालून केलेली उथळ ताल एवढ्याने त्यातला मोठा भाग अडतो. माथा ते पायथा हे सूत्र महाराष्ट्रातल्या पाणलोट कामांना नवे नाही. बांधबंदिस्तीसाठी मुंबई प्रांतात 1942 पासून जमीन सुधारणा योजनांचा कायदा होता आणि रोजगार हमीवर चर व बांध घालणारे हात गावोगाव आहेत.

इथे एक फरक मात्र नीट ठेवला पाहिजे. दुष्काळासाठी पाणी साठवणे आणि पुरासाठी पाणी थोपवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ऑगस्टमध्ये तुडुंब भरलेले शेततळे सप्टेंबरच्या लोंढ्याचा थेंबही घेऊ शकत नाही. पुरासाठी बांधलेली ताल पाऊस थांबल्यावर काही तासांत रिकामी व्हावी लागते. त्यासाठी तिच्या तळाशी लहान पाइप आणि वरून सुरक्षित सांडवा हवा. खोल काळ्या जमिनीत समतल चर खणणे चुकीचे: पाणी मुरत नाही, पीक पिवळे पडते आणि बांध फुटतो. तिथे ढाळीचे बांध घालून पाणी गवताळ पाटाने हळूहळू बाहेर न्यावे लागते. जलसंधारणाचा प्रत्येक खड्डा पूर कमी करतो हा समजही खोलीकरणाच्या समजाइतकाच तपासून घ्यायला हवा.

हे सगळे कागदावर ठीक आहे पण गावात होत नाही, या शेवटच्या आक्षेपाला बेलफर्ड हे उत्तर आहे. इंग्लंडच्या ईशान्येला नॉर्थम्बरलंडमधले हे छोटे गाव. त्याच्या वरचा पाणलोट 6 चौरस किलोमीटरांहूनही कमी. जुलै 2007 सह अनेकदा तिथे पाणी शिरले. भिंती आणि पात्रातली नेहमीची कामे करायची तर सुमारे 25 लाख पौंड लागणार होते आणि वाचणाऱ्या घरांच्या तुलनेत तो खर्च सरकारी निकषात बसत नव्हता. तेव्हा तिथली सरकारी पर्यावरण संस्था आणि न्यूकॅसल विद्यापीठ यांनी शेतकऱ्यांशी बोलून, सुमारे 2 लाख पौंडांच्या निधीतून, गावाच्या वरच्या शिवारात कामे केली: शेताच्या सखल कोपऱ्यांत मातीचे बुटके बांध, ओढ्यालगत लोंढ्याचे पाणी घेऊन हळू सोडणारी तळी, ओघळींत आडवे लाकडी अडसर. पहिल्या प्रायोगिक तळ्यानंतरच्या नोंदींत पाणलोटाच्या वरच्या भागात लोंढ्याला पुढे सरकायला लागणारा वेळ 20 मिनिटांवरून 35 मिनिटांवर गेलेला आढळला. ते हवामान, ती जमीन आणि तो पाऊस मराठवाड्याचा किंवा कोकणाचा नाही. मोसमी पावसाच्या तडाख्याला बांध अधिक भक्कम आणि सांडवा अधिक रुंद लागेल. पण लोंढ्याला वरच थोपवल्याने खालचा जोर ओसरतो, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

बेलफर्डमधून आणखी एक गोष्ट घेण्याजोगी आहे: ज्या शेतात पाणी थांबवायचे त्या शेतकऱ्याशी आधी बोलणी झाली. गावठाण कोरडे राहावे म्हणून एखाद्याच्या चार गुंठ्यांत काही तास पाणी उभे राहणार असेल, तर त्याची भरपाई गावाने द्यायला हवी. ती रक्कम दर वर्षी भिजणाऱ्या घरांच्या मदतीपेक्षा कितीतरी कमी असते. ही बोलणी न करता वरून लादलेला बांध पहिल्याच पावसात रातोरात फोडला जातो, आणि त्याचा दोष त्या शेतकऱ्याला देता येत नाही.

या उपायांनाही हद्द आहे. खरोखरची ढगफुटी झाली तर चर, बांध आणि ताली सगळे भरून वाहतील. त्या दिवसासाठी सखल आळीतल्या घरांचे जोते उंच हवे, विजेचे बोर्ड वर हवेत आणि रात्री हलायचे कुठे हे ठरलेले हवे. मात्र गावे सहसा भिजतात ती तशा दुर्मीळ पावसाने नव्हे. ती भिजतात दर दोन-चार वर्षांनी येणाऱ्या तासाभराच्या जोरदार सरीने, आणि तेवढा पाऊस पेलणे गावाच्या आवाक्यात आहे.

म्हणून मागणी एकच, पण ठाम हवी. ज्या गावठाणात नदीच्या पुराशिवाय पाणी शिरते तिथे नुकसानीच्या पंचनाम्यासोबत कारणाचा पंचनामा झाला पाहिजे: पावसाची नोंद, पाण्याच्या रेघा, मोऱ्यांची मापे, अडथळे आणि प्रत्येक अडथळ्यासमोर जबाबदार यंत्रणेचे नाव. तो ग्रामसभेत वाचला गेला पाहिजे. कामांचा क्रम त्यावरून ठरावा: आधी नैसर्गिक वाटेतले अडथळे, मग माथ्यावरची अडवणूक, मग मोऱ्यांची क्षमता, आणि रस्त्याचा नवा थर टाकताना जुना खरवडण्याची अट. या पंचनाम्याशिवाय खोलीकरणाचे एकही अंदाजपत्रक मंजूर होऊ नये.